अण्णासाहेबांची पाठ

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की माझं जेवण सुटतं. बायको म्हणते, पित्त. असेलही; पण पंचांग पाहून येणारं पित्त मी तरी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. पंधरा दिवस ताटावर बसतो, भात कालवतो, दोन घास घेतो आणि उठतो. अमावास्या झाली, नवरात्राचे घट बसले, की माझी भूक मुकाट्याने परत येते.

या दिवसांत गंगा उतरत असते. श्रावणभर ती बालाजी घाटाच्या पायऱ्या गिळून बसलेली असते, आणि जाताना मागे जे टाकून जाते त्याला लोक गंगेची माती म्हणून कपाळाला लावतात. मी त्याला गाळ म्हणतो. कुठे घोटाभर, कुठे गुडघाभर, राखाडी आणि बुळबुळीत. त्यात कुजलेला झेंडू, फुटकी मडकी, एकेकटी चप्पल, पोट फुगलेले मासे आणि मुंडनाचे केस. दोन दिवस कडक ऊन पडलं की त्याला जो वास सुटतो तो नाकात शिरत नाही, घशात उतरतो. आंघोळ केली तरी अंगाला येतो, उदबत्ती लावली तर उदबत्तीत मिसळतो. आणि त्याच गाळातून धोतर वर धरून, एकमेकांचे हात पकडून, लांबलांबचे लोक येत राहतात. आपल्या मेलेल्या माणसांना जेवू घालायला.

आमचं घर मंगला गौरीच्या गल्लीत. बाबा उपाध्ये होते. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांची उतरायची सोय, घाटावरचे विधी, ब्राह्मणभोजन, सगळं त्यांच्याकडे. पितृपंधरवड्यात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. जिन्यात ओली धोतरं, माडीवर घोरणारे यजमान, अंगणात पत्रावळींचा ढीग आणि त्यावर माश्या. आणि खीर. रोज कुणाचं तरी श्राद्ध, आणि रोज ब्राह्मण म्हणून पानावर आम्हीच. खीर, वडे, आमसुलाची चटणी. पहिले तीन दिवस चंगळ वाटायची. दहाव्या दिवशी खिरीवर साय धरलेली दिसली तरी मान फिरवावी लागे. बाबा मात्र शेवटच्या दिवशीही पहिल्या दिवसाइतक्या तृप्तीने ढेकर द्यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, ‘पितर तृप्त झाले.’ तो ढेकर मला अजून ऐकू येतो.

मी उपाध्येपण घेतलं नाही. इथल्याच एका इंटर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. दर वर्षी स्प्रिंगचा धडा येतो. फळ्यावर वेटोळं काढतो, सूत्र लिहितो आणि लगेच पुसून टाकतो. मुलं म्हणतात, ‘सर, लिखने तो दीजिए.’

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली मुख्य गोष्ट सांगायला हवी. इथे ब्राह्मणाला दिलेलं तिथे मेलेल्याला पोचतं. छत्री दिली की त्याच्या वाटेवर सावली. जोडे दिले की पायाला काटे बोचत नाहीत. गादी दिली की पाठ टेकायची सोय. इतकं सरळ. आमच्या माळ्यावर एका वेळी अकरा छत्र्या होत्या, सात गाद्या होत्या, आणि तांब्या-भांड्यांची तर गणती नव्हती. कुणी कुणी टॉर्चही देत, तिकडे अंधार असतो म्हणून. सेल मात्र घालत नसत. तो बिनसेलाचा टॉर्च बाबा हातात घेत, संकल्प सोडत, आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर खरोखर उजेड पडल्यासारखा दिसे. हे सारं मी लहानपणापासून बघत होतो आणि मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. उलट, सोपी युक्ती आहे, वाटायचं.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुमतीबाई आल्या, आणि त्यांच्या मागोमाग गाडी आली.

बाई अकोल्याकडच्या. साठी उलटलेली, अंगाने किरकोळ, बोलणं कमी. त्यांचे पती अण्णासाहेब, कापसाच्या जिनिंगचे मालक. शेवटची आठ वर्षं ते मणक्याच्या दुखण्यात होते. बैलगाडीत बसवेना, जीपमध्ये बसवेना; दहा पावलांवरचा घराचा उंबरठासुद्धा जड. तेव्हा बाईंनीच कुठून तरी ऐकून मुंबईहून ही जुनी परदेशी गाडी आणवली. हिला स्प्रिंगा नव्हत्या. चारही चाकांवर रबराच्या जाड पिशव्या, त्यात हवा. इंजिन चालू झालं की एक पंप ती हवा भरत राही, आणि गाडी त्या हवेवर तरंगे. खड्डा चाकाला कळे, आत बसलेल्याला कळत नसे. अण्णासाहेब शेवटची आठ वर्षं जगले म्हणजे या गाडीत जगले, असं बाई म्हणत. संध्याकाळी त्यांना शेताच्या कडेकडेने फिरवून आणायचं, आणि त्या तासाभरात ते विव्हळत नसत.

वर्षश्राद्धाला बाईंनी तीच गाडी दान दिली. ड्रायव्हरने ती अकोल्याहून चालवत आणली. गल्लीत बातमी पसरली. कुणी म्हणालं उपाध्यांचं नशीब फळफळलं, कुणी म्हणालं मेलेल्याची गाडी घरात घेतली, आता बघा. बाबांनी संकल्प सोडला. तिथे थांबायला काही हरकत नव्हती; पण संस्कृतावर भागलं तर ते बाबा कसले? बाईंच्या हातावरून पाणी सुटलं आणि ते मराठीत म्हणाले, ‘बाईसाहेब, आता निश्चिंत असा. इथे जसे बसत होते तसेच तिथे बसतील. पोटातलं पाणी हलायचं नाही.’

त्या वेळेपर्यंत बाई रडल्या नव्हत्या. आता रडल्या. मीही तिथे होतो. बावीस वर्षांचा, बीएस्सी होऊन घरी बसलेला, आणि गाडी आपल्याला चालवायला मिळणार या आनंदात. बाबा काय छान बोलतात, असं मला वाटलं.

आमच्या गल्लीत गाडी येणं शक्यच नव्हतं. तिथे समोरून सांड आला तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं. म्हणून ती मैदागिनजवळ एका लाकडाच्या वखारीत उभी असे. उभी म्हणणं चूक आहे. बंद केली की तिची हवा हळूहळू सुटे, आणि सकाळी बघावं तर गाडी पोट टेकून बसलेली. इंजिन चालू करायचं आणि वाट बघायची. पाचसात मिनिटांनी ती उठू लागे. गाय उठते तशी, आधी मागून, मग पुढून. वखारवाले चहा घेऊन हा तमाशा बघायला जमत. आत कातड्याच्या सीटांना पावसाळ्यात बुरशी धरे, हिरवी, मऊ, फडक्याने पुसली की फडकं टाकून द्यावं लागे. बुरशी, जुनी तपकीर आणि दुखण्यातल्या माणसाला चोळायचं तेल, असा एक वास त्या गाडीत कायम मुरलेला होता. काचा उघड्या ठेवल्या तरी जात नसे.

बाई दर वर्षी अण्णासाहेबांच्या तिथीला येत. पिंडदान झालं की त्यांना गाडीतून एक फेरी हवी असे. मैदागिन ते दुर्गाकुंड आणि परत. ही फेरी कुठल्या पोथीत नव्हती, पण बाबांनी पहिल्याच वर्षी हो म्हटलं आणि ती रीतच पडली. बाई मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसत. उजवी बाजू मोकळी ठेवत आणि त्या मोकळ्या जागेवर तळवा ठेवून डोळे मिटत. लहुराबीरला केवढाले खड्डे, पण आत ढिम्म काही नाही. परत आलो की म्हणत, ‘छान आहेत.’ कोण, ते विचारायची गरज नव्हती.

बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची तिथी याच पंधरवड्यात, नवमीला. मी पिंड देतो. का देतो ते विचारू नका. देत नाही असं म्हणायचं धाडस नाही म्हणून देतो. दान मात्र काही देत नाही. बायको माझ्या नकळत कुणाला तरी छत्री देते, आणि मला कळलं नाही असं मी दाखवतो. संसार असाच चालतो.

गाडी आल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, अण्णासाहेबांच्या तिथीला दहाबारा दिवस असताना, मागची एक पिशवी फुटली. आवाज वखारीच्या बाहेर ऐकू गेला. गाडी एका कुल्ल्यावर बसली ती उठेचना. लहुराबीरचा मिस्त्री, रामधनी त्याचं नाव, येऊन खाली शिरला. आधी त्याने पिशवीच्या वरच्या कोनाड्यातून उंदरांचं घरटं काढलं. चिंध्या, लाकडाचा भुसा, आणि त्यात डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं, वळवळणारी. मग हवेच्या टाकीचा नट सैल केला, तर तिच्यातून काळं, तेलकट पाणी बदबदा माझ्या पायांवर आलं. त्या पाण्याचा वास आणि घाटावरच्या गाळाचा वास सारखा होता. मी वखारीच्या भिंतीशी जाऊन ओकलो. खीरच बाहेर पडली.

रामधनी हात पुसत बाबांना म्हणाला, ‘पंडितजी, ई रबड़ अब इहाँ ना मिली. बाकी तीनों भी फटे वाली हईं. हवा के भरोसे कब तक बइठबा? लोहा लगवा ला, जिनगी भर के छुट्टी.’

बाबा माझ्याकडे वळले. ‘काय रे, तू शिकलायस. चालेल?’

चालेल म्हणणारा मीच. वर शहाणपणाही केला. म्हटलं, बाबा, हवाही दाबली की दबते, लोखंडही दाबलं की दबतं. काम एकच. फरक पडणार नाही. पदवीचं भेंडोळं हातात होतं, जीभ उचलून टाळूला लावायला काय लागतं?

रामधनीने भंगारातून कुठल्या तरी माल वाहणाऱ्या गाडीच्या स्प्रिंगा आणल्या. पट्टी कापून, वेल्डिंग करून त्यांना बसायला वाट्या केल्या. पहिल्यांदा बसवल्या तर गाडीचं नाक आभाळाकडे. मग गॅसने एकेक वेटोळं कापलं. चार पिशव्या वखारीच्या कोपऱ्यात पडल्या, तडे गेलेल्या, चिकट. त्यांना हात लावला की बोटं काळी होत आणि साबणाने निघत नसत. स्प्रिंगा बसल्या, गाडी ताठ उभी राहिली, आणि बाबा, मी आणि रामधनी एक चक्कर मारून आलो. मैदागिनच्या वळणावरच बाबांनी कमरेवर हात ठेवला. माझे दात दातांवर आपटले.

‘एकदम टाइट हौ,’ रामधनी खुशीत म्हणाला.

खाली उतरल्यावर बाबांनी विचारलं, ‘बाईंना कळेल का रे?’

‘कळेल असं वाटतंय.’

‘रस्ता खराब आहे म्हणू. खराब आहेच.’

मी मान हलवली. मला आज ज्याची सर्वांत जास्त शिसारी येते ते इथेच आहे, उंदरांत नाही आणि गाळात नाही. बाईंना कळेल का, एवढंच आम्हांला सुचलं. अण्णासाहेबांचं काय, हा प्रश्न आम्हां दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. छत्री पोचते, जोडे पोचतात, गादी पोचते असं उभा जन्म सांगणारा माणूस, आणि त्याचा मुलगा. गाडीखालची हवा काढून लोखंड बसवलं तर तेही पोचेल, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. ज्याचं दुकान, त्यालाच मालाचा विसर.

तिथीच्या दिवशी पंचगंगा घाटावर गाळ होताच. बाई अनवाणी त्यातून चालत गेल्या, पिंड दिले, कावळ्याची वाट बघितली. कावळा आला नाही. इथे कावळ्यांनाही त्या दिवसांत भूक उरत नाही. शेवटी गाईला दिले. आम्ही वखारीत आलो. बाईंनी गाडी बघितली आणि त्या थबकल्या.

‘आज उभीच आहे?’

‘आपली वाट बघत होती,’ बाबा म्हणाले.

असल्या वाक्याला दाद द्यायचे दिवस माझ्यापुरते तिथेच संपले. मी दार उघडलं. बाई डाव्या बाजूला बसल्या, उजव्या बाजूवर तळवा ठेवला, डोळे मिटले.

कबीरचौऱ्याच्या पुढे पहिला खड्डा आला. गाडी आदळली आणि बाईंचं डोकं छताला लागलं. ‘अगं आई!’ त्या म्हणाल्या, आणि मग घाबरून, ‘गुरुजी, काय झालं?’

‘रस्ता हो, बाईसाहेब. पुराने पार वाट लावलीय.’

दुसरा खड्डा. तिसरा. आरशात मला त्यांचा तळवा दिसत होता. सीटवर ठेवलेला तळवा आता सीटला दाबून धरला होता, एखाद्याला पडू नये म्हणून धरावं तसा.

‘रस्ता मागल्या वर्षीही असाच होता,’ बाई म्हणाल्या.

‘यंदा जास्त.’

‘पण रस्ता कसाही असो, यांना कळत नसे. म्हणून तर ही गाडी.’

‘आता काशीचे रस्ते म्हणजे, बाईसाहेब...’ बाबांनी सुरू केलं, आणि त्यांचा तो गोड, कमावलेला, खिरीसारखा आवाज मला ऐकवेना. मी गाडी कडेला घेतली.

‘काकू,’ मी म्हटलं, ‘हवेच्या पिशव्या काढल्यात. एक फुटली होती. आता लोखंडी स्प्रिंगा आहेत.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर सायकलरिक्षांच्या घंट्या चालू होत्या.

‘कधी?’ बाईंनी विचारलं.

‘चार दिवस झाले.’

‘चार दिवस,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणजे चार दिवस हे...’ त्या वाकून बाबांच्या सीटजवळ आल्या. ‘गुरुजी, परत बसवता येतील?’

‘मिळत नाहीत, बाईसाहेब. हिंदुस्थानात नाहीत.’

‘मग यांनी काय करायचं?’

एक वाक्य पुरलं असतं. बाईसाहेब, त्यांना आता पाठ नाही. एवढंच. बाबांना ते येत होतं. आत्म्याला शस्त्रं तोडत नाहीत की आग जाळत नाही, हे ते रोज घाटावर घसा ताणून म्हणत. पण ते वाक्य एकदा बाहेर पडलं की पाठोपाठ गादी जाते, जोडे जातात, अकराच्या अकरा छत्र्या जातात. बाबांची नजर समोरच्या काचेवर होती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बोला ना, मी मनात म्हणत होतो, एकदा बोला, आयुष्यात एकदा.

बाबा वळले आणि अगदी मायेने म्हणाले, ‘आपण असं करू. एक गादी देऊ. कापसाची, चांगली जाड. संकल्प करून. म्हणजे सीटवर त्यांना...’

जिनिंगवाल्याच्या बायकोला कापसाची गादी. आणि आमच्या माळ्यावर सात. मला माझ्या बापाची किळस आली, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो. आणि त्याच्यामागोमाग स्वतःची. कारण ते वाक्य मलाही येत होतं, आणि मीही बोललो नाही. लोखंडाचं खरं सांगण्यापुरता मी शूर. धक्के खरे आहेत हे सांगितलं आणि ते खायला तिकडे कुणी नाही हे सांगायचं ठेवलं. अर्धं खरं सांगून मी मोकळा झालो आणि बाई अडकल्या. पुरतं खोटं बोलणाऱ्या बाबांनी त्यांना निदान तीन वर्षं सुखात ठेवलं होतं.

बाईंनी पाठीमागची उशी काढून पायाशी ठेवली आणि ताठ बसल्या.

‘काकू, मी रिक्षा आणतो,’ मी म्हटलं. ‘तुम्हांला हे सोसायचं नाही.’

‘नको. चल तू. दुर्गाकुंडापर्यंत जायचंय ना आपल्याला?’

मी निघालो, अगदी हळू.

‘हळू नको. नेहमी चालवतोस तशी चालव.’ आणि थोडं पुढे गेल्यावर, साध्या आवाजात, स्वयंपाकघरात काही सांगावं तसं, त्या म्हणाल्या, ‘आणि खड्डे चुकवू नकोस. यांना कोण चुकवून देतंय तिकडे?’

मग मी चालवत राहिलो. लहुराबीर, सिगरा, रथयात्रा. प्रत्येक खड्ड्याला गाडी आदळे, बाबांचा हात दाराच्या मुठीवर आवळे, आणि मागून श्वास ओढल्याचा आवाज येई. कण्हणं नाही, नुसता श्वास. मी आरशात बघायचं सोडून दिलं.

भेलूपुराच्या वळणावर खड्डा मोठा होता. पाण्याने भरलेला, तळ दिसत नव्हता. मी ठरवून काही केलं नाही. माझे हात आपले वळले आणि गाडी बाजूने निघून गेली.

‘हा चुकवलास,’ मागून बाई म्हणाल्या.

मी ब्रेक दाबला.

‘मागे घे.’

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी गाडी मागे घेतली, चाक सरळ केलं, आणि त्या खड्ड्यात घातली.